माझ्या मानेची बातमी

मी हॅमिल्टनमध्ये फार्मसिस्ट आहे. एकोणीस वर्षं एकच दुकान, एकच काउंटर. माझ्याकडून औषध घेऊन जाणाऱ्या माणसाची सहजासहजी सुटका होत नाही. डबीवरचं लेबल मी त्याच्याकडे वळवते, औषधाचं नाव त्याला वाचायला लावते आणि ते कशासाठी घ्यायचं हे त्याच्याच तोंडून ऐकते. "नवऱ्याचं औषध आहे, मी सांगीन त्याला," असं एखादी बाई म्हणाली, तर मी म्हणते, त्यालाच मला फोन करू दे. एक किवी आजोबा दारातून आत येतानाच इथल्या पद्धतीनं नमस्कार करून विचारतात, "किया ओरा, बाई, आज कोणता धडा?" माझी आई अशा उपदेशी लोकांना नावं ठेवायची. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," हे तिचं आवडतं वाक्य. ते एक दिवस तिच्याच लेकीला इतकं चपखल बसेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नसेल.

आईचा विषय निघालाच आहे, तर तिची एक खोड सांगून ठेवते. शेवटच्या आजारात ती पुण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये होती आणि मी इथून रजा काढून तिच्याजवळ राहिले होते. मी तिला काहीही सांगितलं, की ती वॉर्डातल्या मावशींकडे वळून तेच पुन्हा विचारायची. "आज ताप नाही आई," मी म्हणायचे. "काय हो मावशी, आहे का ताप?" ती विचारायची. मावशी तिच्या कपाळावर हात ठेवून सांगायच्या, मग तिला पटायचं. औषधांत आयुष्य घालवलेली मुलगी उशाशी बसलेली, आणि हिचा भरवसा मावशींवर. मी आणि मावशी एकमेकींकडे बघून हसायचो. नंतर कितीतरी वर्षं मी हा किस्सा सांगून लोकांना हसवलं.

आता माझी मान. ती दुखायची तशी दहा वर्षं तरी झाली असतील. दिवसभर खाली मान घालून ट्रेवर गोळ्या मोजायच्या, वयस्कर गिऱ्हाइकांच्या आठवड्याच्या गोळ्या कप्प्यांत भरायच्या, ह्या धंद्यात मान कुणाची दुखत नाही? मी तेल लावायचे, गरम पिशवी घ्यायचे, विसरायचे. पण मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी दुखणं थोडं मागं पडलं आणि बोटांनी वेगळंच सुरू केलं. हातमोजे घालून वावरावं तशी बोटं जाड वाटायला लागली. गोळी चिमटीत आहे की सुटली, हे बघितल्याशिवाय कळेना. कानातल्या कुड्यांची फिरकी बसेना. रोज सकाळी आरशासमोर उभी राहून मी त्या फिरकीशी झगडायचे, शेवटी नवरा येऊन लावून द्यायचा. जिना उतरताना मी कठडा धरायला लागले आणि का धरते हे स्वतःलाही विचारलं नाही.

इथल्या निम्म्या मराठी घरांचा डॉक्टर एकच आहे. मूळचा सांगलीचा, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आम्ही नवीन आलो तेव्हा आमच्या गल्लीतच भाड्यानं राहायचा. त्याला सख्खी बहीण नाही आणि माझा भाऊ अमेरिकेत, म्हणून पहिल्या दिवाळीला मी त्याला ओवाळलं, ते आजतागायत. तो मला ताई म्हणतो, माझ्या नवऱ्याला भाऊजी. माझी मुलगी त्याच्या हातून इंजेक्शनं घेत मोठी झाली. आमच्या घरी कुणाला शिंक आली तरी आधी त्याला फोन. त्यानं माझे हात पाहिले, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली आणि नवऱ्याच्या ऑफिसच्या इन्शुरन्सवर एमआरआय करायला पाठवलं. त्या पांढऱ्या बोगद्यात अर्धा तास पडून मी मनात फराळाची यादी करत होते.

रिपोर्ट भाऊबीजेच्या आदल्या दिवशी त्याच्याकडे आला. भाऊबीजेला तो नेहमीसारखा संध्याकाळी सहाला आला, बाहेर लख्ख ऊन होतं. आल्या आल्या तो आणि नवरा मागच्या अंगणात गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दोघांच्या पाठी दिसत होत्या. लिंबाच्या झाडाशी उभे राहून बराच वेळ बोलत होते. मला वाटलं, क्रिकेट.

मग मी त्याला पाटावर बसवलं. कुंकू लावलं, ते जरा वाकडं लागलं. अक्षता चिमटीत धरायला गेले तर त्या बोटांतून निसटून ताटात, मांडीवर, जमिनीवर. दुसऱ्यांदा घेतल्या, पुन्हा तेच. "म्हातारी झाले रे मी," असं म्हणून मी हसले. तो हसला नाही. त्यानं माझ्या बोटांकडे बघितलं आणि मग निरांजनाकडे बघत राहिला. अनारसे खाताना मी विचारलं, "काय म्हणतोय माझा रिपोर्ट?"

"झीज आहे ताई," तो म्हणाला. "वयाप्रमाणे असतेच. एक नस जरा चिमटतेय. फिजिओ करू, जड उचलू नका. घाई करण्यासारखं काही नाही."

मी "बरं" म्हणाले आणि त्याच्या ताटात आणखी एक अनारसा वाढला.

रिपोर्ट दाखव, असं मी म्हटलं नाही. हीच माझी चूक, आणि ती आपल्या माणसांच्या बाबतीतच होते. डॉक्टर परका असता तर मी कागद मागून घेतला असता, दोनदा वाचला असता, चार प्रश्न विचारले असते. पण आपल्या माणसाकडे कागद मागायचा म्हणजे अविश्वास दाखवायचा, आणि तोही भाऊबीजेच्या ताटावर. इथं प्रत्येकाला आपले रिपोर्ट कॉम्प्युटरवर बघता येतात, मी स्वतः गिऱ्हाइकांना ते कसं उघडायचं हे शिकवते. आमच्या घरात मात्र सगळे पासवर्ड नवऱ्याच्या खात्यात. दुकानात माझा फोन दिवसभर कपाटात असतो, म्हणून हॉस्पिटलपासून लायब्ररीपर्यंत प्रत्येक फॉर्मवर नंबरही त्याचाच. सोय म्हणून केलं होतं. वीस वर्षांत कधी गैरसोय झाली नव्हती.

फेब्रुवारीत सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. आम्ही तिघंही पुण्याला गेलो. सासरी मी नेहमी पदर खोचून कामाला लागणारी. ह्या खेपेला पाहते तर काय, माझी सरबराई चाललेली. विमानतळावर दिरानं माझ्या खांद्यावरची पर्ससुद्धा काढून घेतली. जाऊबाईंनी मला विळीला हात लावू दिला नाही. "तू बस गं, तू फक्त बस," असं म्हणत माझ्या पाठीशी उशी लावली. ज्या बाईनं पंचवीस वर्षांत मला कधी पाण्याचा पेला हातात दिला नव्हता, तिनं माझ्या ताटातली पुरणपोळी मोडून त्यावर तूप घातलं. सासूबाई येता-जाता म्हणायच्या, "मानेला जप हं."

मी इतकी सुखावले होते. उशिरा का होईना, ह्या घरानं मला आपलं म्हटलं, असं वाटलं. परतीच्या विमानात मी नवऱ्याला म्हणालेसुद्धा, "तुझ्या घरची माणसं वाटतात तितकी वाईट नाहीत." त्यानं खिडकीकडे तोंड केलं. मला वाटलं, वडिलांना सोडून निघाल्याचं दुःख. आज तो प्रवास आठवला की मला माझीच लाज वाटते, आणि त्यांच्याहून जास्त माझाच राग येतो.

परत आल्यावर महिन्याभरात हात आणखी बिघडले. दुकानात गोळ्यांची डबी हातातून सुटून काउंटरभर पांढरा सडा पडला आणि माझ्या मदतनीस मुलीनं त्या वेचल्या. त्यानंतर गोळ्या मोजायला ती बसायला लागली. मी नुसती तपासायचे. सपाट रस्त्यावरसुद्धा पाय आपण टाकतो तिथंच पडतोय का, हे बघावं लागायचं. फिजिओ करणारी मुलगी एक दिवस थांबली आणि म्हणाली, "तुमच्या मानेला मी आता हात लावणार नाही. तुम्ही सर्जनला कधी भेटणार आहात?" मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो लगेच म्हणाला, "तारीख आलीय. पुढच्या गुरुवारी." मला त्याचं कौतुक वाटलं. किती पटकन मिळवली, असं मी म्हणालेसुद्धा.

सर्जन उंच, पिकलेल्या केसांची बाई होती. पायात धावायचे बूट. तिनं माझ्या मधल्या बोटाच्या नखावर टिचकी मारली आणि माझा अंगठा मला न विचारता आत वळला. तिनं मला टाचेला पंजा लावून एका रेषेत चालायला लावलं, मी तिसऱ्या पावलाला भिंत धरली. मुठी भराभर उघडा-मिटा म्हणाली. माझ्या मुठी उघडताना अशा रेंगाळत होत्या, की मलाच बघवेना. सगळं झाल्यावर ती कॉम्प्युटरकडे वळली आणि साधेपणानं म्हणाली, "तुम्ही फेब्रुवारीत यायला हवं होतं. तारीख पुढं का ढकललीत?"

"कुठली तारीख?" मी विचारलं.

तिनं पडद्यावर वाचलं. "फोनवरून कळवलंय. परदेशात कौटुंबिक कार्यक्रम आहे, नंतरची वेळ द्या."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. तेवढ्यावर सगळं कळलं. लिंबाच्या झाडाखालच्या त्या दोन पाठी, दिरानं काढून घेतलेली पर्स, जाऊबाईंची उशी, पोळीवरचं तूप, सगळं एका क्षणात समोर आलं. माझ्या मानेची बातमी पुण्यातल्या सासरच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचली होती. फक्त मान जिची होती तिला ताकास तूर लागू दिली नव्हती.

सर्जन बाईला काहीतरी उमगलं असावं. तिनं खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि त्यानंतरचं सगळं ती फक्त माझ्याशी बोलली. मानेच्या मणक्यांतली गादी झिजून नुसती बाजूची नस दाबली जाते, तेव्हा हात दुखतो, मुंग्या येतात. त्याला थांबता येतं, व्यायामानं बहुतेकांना बरं वाटतं, सुरी लागत नाही. पण तुमच्यात ती गादी मागं सरकून मणक्याच्या आतल्या मज्जारज्जूवरच दाब देतेय. हे दुखेलच असं नाही. बागेतल्या नळीवर पाय पडला की पुढं पाणी कमी होतं, तशी हातापायांची ताकद कमी होत जाते, कधी हळूहळू, कधी एखाद्या साध्या पडण्यानं एकदम. ऑपरेशन गळ्याच्या पुढच्या बाजूनं. खराब गादी काढायची, मोकळ्या जागेत छोटा तुकडा बसवायचा, दोन मणके पट्टीनं जोडायचे. आवाज काही दिवस बसेल, गिळताना त्रास होईल. धोका थोडा असला तरी आहे, अगदी क्वचित हातपाय आणखी बिघडतात.

"आणि माझी बोटं?" मी विचारलं.

"ऑपरेशन मुख्यतः आहे तिथं थांबवण्यासाठी आहे," ती म्हणाली. "गेलेलं किती परत येईल, ते मी सांगू शकत नाही."

"फेब्रुवारीत आले असते तर?"

तिनं पडद्यावर एक पत्र उघडलं. "ते कुणालाच सांगता येणार नाही. पण तुमच्या डॉक्टरांनी नोव्हेंबरमध्ये मला लिहिलेल्या पत्रात तुमचे हात आजच्यापेक्षा बरे आहेत."

म्हणजे माझ्या ह्या डॉक्टर भावानं तिला लिहिलं होतं. सगळं स्पष्ट, व्यवस्थित, दाबासकट. त्या पत्राची प्रत मी तिच्याकडून तिथंच मागून घेतली आणि गाडीत बसून वाचली. तिच्याशी इंग्रजीत तो जितका सरळ होता, तितका माझ्याशी मराठीत कधी बोलला नव्हता.

नवरा गाडी चालवत होता. नदीवरचा पूल ओलांडला. मग तोच म्हणाला, "डॉक्टरच म्हणाला, ताईंना आत्ता घाबरवू नका. पुण्याहून येऊ दे, मग सांगू. आणि बाबांचा कार्यक्रम एकदाच होणार होता गं. तू गेली नसतीस तर त्यांना काय वाटलं असतं?"

"मला काय वाटलं असतं?"

"तुला काळजी नको म्हणूनच सगळं केलं. आपल्याकडच्या काकांनासुद्धा फोटो पाठवले होते. ते म्हणाले, मानेला सुरी लावू नका, माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो."

काका म्हणजे त्याचे चुलत काका, पुण्यातले निवृत्त डोळ्यांचे डॉक्टर. माझ्या मानेवर त्यांचंही मत घेऊन झालं होतं.

त्याच संध्याकाळी मी भावाला बोलावलं. तो दवाखान्यातून तसाच आला आणि सोफ्याच्या कडेवर बसला. मी पत्र त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं. तो म्हणाला, "ताई, भाऊजींना मी सगळं सांगितलं होतं. मला वाटलं ते सांगतील." नवरा म्हणाला, "तूच म्हणालास ना, घाबरवू नका?" दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत होते आणि मी मध्ये बसून दोघांची तोंडं बघत होते.

"तुझ्याकडे एखादी गोरी बाई आली असती, अशीच मान घेऊन, तर तिला काय सांगितलं असतंस?" मी विचारलं.

तो खरं बोलला, तेवढं श्रेय त्याला देते. "सरळ सांगितलं असतं. ती पेशंट. तुम्ही बहीण आहात ताई. अक्षता सांडल्या तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना."

केसानं गळा कापणं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या सोफ्यावर कळलं. सर्जन निदान सुरीनं कापणार होती, आणि आधी विचारून. मी त्याला म्हटलं, "मग मला पेशंटच राहू द्यायचं होतंस." तो उठून गेला. चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या दवाखान्यात नाव घातलं. तिथल्या डॉक्टर बाईला माझं आडनाव नीट उच्चारता येत नाही आणि मला ते फार बरं वाटतं.

मुलगी वेलिंग्टनला शिकते. तिला तरी माहीत असेल का, ह्या भीतीनं मी फोन केला. तिला माहीत नव्हतं. तिनं फोन स्पीकरवर घ्यायला लावला आणि बापाला म्हणाली, "डॅड, दॅट्स सो नॉट ओके. इट्स हर बॉडी." त्या पोरीचा मला आधार वाटला आणि हेवाही वाटला. हे वाक्य माझ्या तोंडात कधी आलंच नव्हतं, कुठल्याच भाषेत.

फोन ठेवल्यावर मात्र माझा बांध फुटला. जे जे तोंडाला आलं ते मी नवऱ्याला बोलले. माझे हात गेले, माझं काम गेलं, तुझ्या बापाच्या सोहळ्यासाठी मी नटवून नेलेली बाहुली होते का, तुझ्या भावजयीला कळतं आणि मला कळत नाही. तो खाली मान घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "तू तुझ्या आईला सांगितलं होतंस का?"

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याचं म्हणणं खरं होतं म्हणून जास्तच.

आईला पोटाचा कॅन्सर होता. रिपोर्ट मी आणला, मी वाचला आणि डॉक्टरांना कॉरिडॉरमध्ये गाठून मीच हात जोडले, "आईला सांगू नका. ती धसका घेईल." तिच्या गोळ्या मी पाकिटातून सोडवून एका स्टीलच्या डबीत भरायचे, कारण पाकिटावर नाव असतं आणि आई वाचायची. "गोळी कसली गं ही?" तिनं एकदा विचारलं. "शक्तीची," मी सांगितलं. लेबलं वाचायला लावणारी मी, माझ्या आईच्या औषधाचं लेबल मी स्वतःच्या नखांनी काढलं होतं. ती चार महिने जगली. बँकेची कामं, बहिणीशी राहिलेलं बोलणं, सगळं तसंच टाकून गेली, कारण तिला बरं वाटणार आहे असं मी तिला सांगत होते. मला वाटायचं ते माझं प्रेम होतं. होतंच. पण त्यात, तिचं रडणं मला बघायला नको, हेही होतं.

हे आठवलं म्हणून मी नवऱ्याला माफ केलं, असं कुणी समजू नये. माझा गुन्हा निघाला म्हणून त्याचा माफ होत नाही. राग होता तिथंच राहिला, फक्त त्यात आता मीही होते.

ऑपरेशन करायचं की नाही, हे मी पंधरा दिवसांत ठरवलं. पहिलं काम, पासवर्ड बदलला. दुसरं, सगळ्या फॉर्मवर माझा नंबर घातला आणि फोन काउंटरवर ठेवायला लागले. मग रिपोर्ट रोज थोडा थोडा वाचला. पडद्यावर माझ्या मानेचा फोटो उघडून मज्जारज्जूचा करडा पट्टा जिथं चिमटीत सापडल्यासारखा बारीक होतो तिथं बघत बसायचे. पुण्याहून जाऊबाईंचा फोन आला. त्यांच्या सोसायटीत एकाचं असंच केलं, तो आता खुर्चीतच असतो म्हणे. मी विचारलं, त्याला काय झालं होतं, मान की कंबर, दाब कशावर होता? त्यांना माहीत नव्हतं. प्रत्येकाकडे असा एक खुर्चीतला माणूस असतो आणि त्याला नेमकं काय झालं होतं हे कुणालाच माहीत नसतं.

भीती मलाही वाटत होती, भरपूर. आवाज जाईल, हात जातील, पाय जातील. फायद्याची हमी नाही, आणि आता जे जाईल ते माझ्या सहीनं जाईल. उलट, न करता थांबले तर काय होतं, हे मी नोव्हेंबरपासून बघितलंच होतं. फिरकी सुटली, मग अक्षता, मग गोळ्या, मग पायाखालचा रस्ता. पुढचं काय सुटेल, ह्याची वाट बघत बसायची माझी तयारी नव्हती. नवरा म्हणाला, "पुण्याला जाऊन आणखी एकाला दाखवू या का?" मी म्हटलं, "तू खूप जणांना दाखवलंस. आता मला करू दे." मी स्वतः फोन करून हो म्हणाले.

संमतीच्या फॉर्मवर सही करताना पेन तिरकं गेलं आणि माझं नाव दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं उमटलं. सर्जन म्हणाली, "झाल्यावर घरी कुणाला फोन करू?" मी नवऱ्याचं नाव दिलं. पंचवीस वर्षांच्या संसारात दुसरं कुणाचं देणार? पण पुढं म्हणाले, "त्याला संपलं एवढंच सांगा. बाकीचं मला."

ऑपरेशनच्या सकाळी कुड्या काढायच्या होत्या. माझ्यानं फिरकी निघेना. त्यानं काढली, दोन्ही कुड्या रुमालात बांधून खिशात ठेवल्या.

जाग आली तेव्हा घशात निखारा ठेवल्यासारखं होत होतं. खिडकीत दुपारचं ऊन होतं. नवरा खाटेशी वाकून उभा होता, डोळे लाल. त्यानं माझा हात हातात घेतला. "झालं," तो म्हणाला. "सगळं छान झालं. सर्जन मघाशी तुलाच सांगून गेल्या, दाब पूर्ण निघालाय. तू बोटं हलवून दाखवलीस त्यांना, आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ह्याच चेहऱ्यानं तो अंगणातून आत आला होता, ह्याच चेहऱ्यानं विमानात माझ्या शेजारी बसला होता. खरं बोलताना तो कसा दिसतो, हे मला आता ओळखता येत नव्हतं.

तेवढ्यात सामोअन नर्स सलाईन बघायला आली. धिप्पाड, हसऱ्या चेहऱ्याची बाई. मी तिच्या बाहीला बोट लावलं. आवाज फुटत नव्हता, नुसती कुजबूज. "माझं ऑपरेशन कसं झालं?"

तिनं नवऱ्याकडे बघितलंही नाही. माझ्या पायाशी ठेवलेला कागद उचलला आणि वाचून सांगितलं. छान झालं. दाब पूर्ण निघालाय. तुम्ही सर्जनना दोन्ही हातांची बोटं हलवून दाखवलीत. शब्द जवळजवळ तेच होते. ते तिच्या तोंडून ऐकले आणि माझ्या अंगातली सगळी भीती एकदम उतरली. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा त्यानं माझा हात सोडला होता. तो रुमालातल्या कुड्या मुठीत धरून उभा होता. ह्या वेळी तो अक्षरन् अक्षर खरं बोलला होता आणि मी ते त्याच्यासमोरच एका अनोळखी बाईकडून खरं करून घेतलं होतं. त्याला ते कळलं होतं.

"काय हो मावशी, आहे का ताप?" आई माझ्यासमोरच विचारायची. ती खोड नव्हती. तिला सगळं कळलं होतं. फक्त कुणाचं ऐकायचं, तेवढं तिनं ठरवलं होतं, आणि मी उशाशी उभी राहून हसत होते.